फोडलेला शब्द, भेटलेला शब्द

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१६ साली तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि २०२३च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. आमचं शिरड शहापूर औंढा तालुक्यातच. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या गावच्या पोरांच्या वह्यांत या वेधशाळेचं पूर्ण नाव असतंच : लेझर इंटरफेरोमीटर ग्रॅव्हिटेशनल-वेव्ह ऑब्झर्व्हेटरी. पोरं ते घडाघडा म्हणून दाखवतात. त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की मात्र थांबतात.

या थांबण्यावर उपाय काय, याबद्दल दोन मतं मी जवळून ऐकत आलोय. एक सरांचं. त्यांनी हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी आणि मराठी शिकवलं, आता निवृत्त आहेत. दुसरं माझ्या ताईचं. ती सरांचीच विद्यार्थिनी, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सर म्हणतात, मोठा शब्द आला की फोडा. उपसर्ग वेगळा करा, मूळ वेगळं करा. ताई म्हणते, शब्द आधी वाक्यात भेटू द्या. एका रविवारी दोघंही आमच्या ओसरीवर होते आणि विषय या वेधशाळेच्या नावावरूनच निघाला.

सर : याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही. ‘ग्रॅव्हिटी’ घे. लॅटिनमध्ये ‘ग्राविस’ म्हणजे जड, संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड. आणि हे नुसते समान अर्थाचे शब्द नाहीत, एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. आपण ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणतो, इंग्रज ‘ग्रॅव्हिटेशन’ म्हणतो, मूळ तेच. ग्रीकमध्ये त्याचंच ‘बारुस’ झालं, त्यावरून हवेचा दाब मोजणारा ‘बॅरोमीटर’. एवढं कळलं की ‘ग्रेव्ह’ म्हणजे गंभीर, ‘ॲग्रॅव्हेट’ म्हणजे आणखी बिघडवणं, हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

ताई : सर, ‘ग्रेव्ह’ म्हणजे थडगंसुद्धा.

सर : ते निराळं. खणण्याच्या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलंय ते.

ताई : ते तुम्हाला ठाऊक आहे. लेकरानं कसं ओळखायचं? बरं, नावातला पहिलाच शब्द घ्या. ‘लेझर’ फोडून दाखवा.

‘लेझर’ फुटत नाही. ‘लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून तो विसाव्या शतकात तयार झाला. त्यात ना उपसर्ग, ना धातू. सरांनी हसून मान हलवली आणि पुढच्या शब्दाकडे वळले. तिथंच ताईला हवं ते सापडलं.

सर : ‘इंटरफेरोमीटर’ तरी घे. ‘इंटर’ म्हणजे आपला ‘अंतर्’, दोघांचं मूळ एक. ‘मीटर’मधलं माप आणि आपला ‘मा’ धातू, मोजणे, यांचंही एक.

ताई : आणि मधलं ‘फेर’? तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, ‘फेर’ म्हणजे वाहून नेणं. ट्रान्सफर, रेफर, ऑफर, प्रिफर. आपल्या ‘भार’मधला ‘भृ’ तोच, हेही सांगितलं होतं. मग ‘इंटरफेअर’ म्हणजे मधून वाहून नेणं का?

सर : नाही. हा ‘फेर’ दुसरा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एकमेकांना मारणे’ असा शब्द होता, त्यातून ‘इंटरफेअर’ आलं. लॅटिनमधला मारण्याचा धातू आहे तो, वाहण्याचा नाही.

ताई : म्हणजे जे लेकरू मन लावून ‘फेर’ शिकलं, तेच इथं चुकणार. जे काहीच शिकलं नाही ते निदान थांबेल आणि विचारेल.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण अशी फसवी मुळं दोन-चार नाहीत. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ लॅटिन, म्हणजे पाय, आपला ‘पद’. ‘पेडिॲट्रिक’मधला ‘पेड’ ग्रीक, म्हणजे मूल. ‘होमो सेपियन्स’मधला ‘होमो’ माणूस, ‘होमोजिनिअस’मधला ‘होमो’ सारखा. आणि सगळ्यात धोक्याचं उदाहरण रस्त्यावरच फिरतं. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ म्हणजे ‘नाही’ एवढंच शिकलेला मुलगा त्याचा अर्थ ‘अजिबात न पेटणारा’ असा लावील. तिथला ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’चा आहे, आणि तो टँकर क्षणात पेटणारा आहे.

सरांना हे सगळं मान्य होतं. पण त्यांचं म्हणणं वेगळ्याच जागी रुतलेलं होतं, आणि ते त्यांनी तळमळीनं मांडलं.

सर : बेटा, मी फसव्या मुळांचं समर्थन करत नाही. माझं दुखणं निराळं आहे. आपल्या लेकरांना वाटतं, इंग्रजी म्हणजे दुसऱ्या जगातली वस्तू, आपल्याजवळ तिच्यासाठी काहीच नाही. मराठी शाळेत शिकतो म्हणून मान खाली घालतात. त्यांना दाखवायला नको का, की तुमच्या गणिताच्या पुस्तकातली ‘परिमिती’ आणि इंग्रजी पुस्तकातलं ‘पेरिमीटर’ यांचा अवयव न् अवयव जुळतो? ‘परि’ आणि ‘पेरि’ एक, ‘मिती’ आणि ‘मीटर’ एक. उपविभागीय अधिकाऱ्याला इंग्रजीत ‘सब-डिव्हिजनल ऑफिसर’ म्हणतात, तिथला ‘सब’ आणि आपला ‘उप’ एकाच पूर्वजाचे. विहिरीत सोडलेली मोटर ‘सबमर्सिबल’ का? पाण्याखाली बुडू शकते म्हणून. शब्द गावात, वस्तू घरात, आणि लेकरू तो ‘हार्ड वर्ड’ म्हणून वहीत लिहून घेतं!

ताई : ‘सबमर्सिबल’चं पटलं.

सर : कृषी सेवा केंद्रात चल. पेस्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड. आपल्याकडे कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. जिथं ‘नाशक’, तिथं ‘साइड’. सोयाबीनवर फवारणी करणाऱ्याच्या पोराला हे सांगायला किती वेळ लागतो? मग ‘जर्मिसाइड’ कुठंही दिसू दे, ते अडणार नाही.

ताई : ऐकताना त्याला ‘साइड’ म्हणजे रस्त्याची बाजूच वाटेल.

सर : स्पेलिंग पाहिलं की वाटणार नाही. म्हणून तर डोळ्यांनी शिकायचं.

इथं ताई जरा थांबली. मग तिनं जे काढलं, ते सरांना अपेक्षित नव्हतं.

ताई : सर, तुम्ही म्हणता, आपल्याजवळ किल्ली आधीच आहे. कुणाजवळ? ‘परिमिती’ हा माझ्या वर्गातल्या कुठल्या लेकराच्या घरात बोलला जातो? तांड्यावरून येणारं लेकरू घरी बंजारा बोलतं. बाकीची इकडची बोली बोलतात. त्यांना ‘परिमिती’ जितकी परकी तितकंच ‘पेरिमीटर’ परकं. एका अनोळखी शब्दानं दुसरा अनोळखी शब्द कसा उलगडणार? संस्कृत शब्दांचा वारसा सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. ज्याच्या घरी तो होता, त्याला तुमची पद्धत सोपी जाणार.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मलाही वाटलं, वाद इथंच संपला. पण सरांचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, आणि उत्तर त्यांना तिथून सुचलं.

सर : तुझं खरं आहे, पण अर्धं. उपसर्ग संस्कृताच्याच मालकीचे आहेत असं कुणी सांगितलं? ‘नापास’ कोणतं लेकरू बोलत नाही? ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी, दोन्ही जोडले आपण. ‘बिनव्याजी’, ‘बिनपगारी’, ‘बेहिशेबी’, ‘गैरहजर’. शाळेत पाऊल न टाकलेली बाई ‘बेइमान’ बरोबर बोलते आणि ‘इमान’ही बरोबर बोलते. म्हणजे शब्दाच्या पुढं एक तुकडा लावला की अर्थ उलटतो, हे तिच्या जिभेला ठाऊक आहे. ‘अन’, ‘नॉन’, ‘डिस’ शिकवायला संस्कृत कशाला पाहिजे? ‘नापास’पासून सुरुवात कर.

ताई : हे तुम्ही आम्हाला शिकवलं नव्हतं.

सर : आणखी ऐक. माझे वडील तहसिलीचे कागद वाचायचे. ते सांगायचे, हासिल, महसूल, तहसील, तिन्ही एका घरचे. अरबीत तीन व्यंजनांचं मूळ असतं, ह-स-ल, मिळवणं, गोळा करणं. मिळालं ते हासिल, गोळा झाला तो महसूल, गोळा करायचं ठिकाण ती तहसील. तसंच दाखल, दाखला, दखल. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झालं, तेव्हा शास्त्रांचे शब्द तयार करायला भाषांतराचं मोठं खातंच उघडलं होतं, आणि त्यांनी अशाच मुळांतून शब्द घडवले. मराठवाड्याच्या माणसाला शब्दाचं मूळ शोधायची सवय एका भाषेतून आलेली नाही.

हे ऐकून माझ्या मनात सरांची बाजू एकदम जड झाली. मराठवाड्यात आपण तीन-चार भाषांच्या तुकड्यांवर रोज जगतो आणि त्याला आपण अशुद्ध बोली म्हणून कमी लेखतो. ‘नापास’ या शब्दातून इंग्रजीचा दरवाजा उघडता येतो, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात मी वाचलं नव्हतं.

ताईनं मात्र वाद सोडला नाही. तिनं सरांच्याच आवडत्या धातूला हात घातला.

ताई : तुम्ही दहावीला ‘ईक्ष्’ शिकवला होता. ईक्ष्, पाहणे. निरीक्षक, अधीक्षक, परीक्षक, पर्यवेक्षक, समीक्षा, प्रतीक्षा. आणि शेजारी इंग्रजीतला ‘स्पेक्ट’. इन्स्पेक्टर, प्रॉस्पेक्ट, रिस्पेक्ट. फळ्याच्या दोन बाजूंना.

सर : आठवतं का! ‘अपेक्षा’ आणि ‘एक्स्पेक्ट’. ‘अप’ म्हणजे दूर, ‘एक्स’ म्हणजे बाहेर. दूरवर नजर लावून बसणं ती अपेक्षा, बाहेर नजर लावून बसणं ते एक्स्पेक्ट. दोन वेगळ्या देशांतल्या माणसांनी एकच गोष्ट तशीच पाहिली. आणि तो ‘स्पेक्ट’ही आपल्याकडे आहेच. ‘स्पष्ट’ म्हणजे दिसलेलं, हे त्याच मुळाचं.

ताई : मग आता ‘उपेक्षा’ घ्या. ‘उप’ अधिक ‘ईक्षा’. इंग्रजीत जुळणारा शब्द तयार करा. ‘उप’ला ‘सब’, ईक्षेला ‘स्पेक्ट’.

सर : ‘सस्पेक्ट’.

ताई : तुकडे तेच. अर्थ? उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. सस्पेक्ट म्हणजे संशय घेणं. ज्याची उपेक्षा करायची त्याच्याकडे आपण बघतच नाही, ज्याचा संशय येतो त्याच्यावरून नजर हटत नाही. आणि हीच ‘उपेक्षा’ योगसूत्रांत आणि बुद्धाच्या धम्मात मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंगतीत बसते, तिथं तिचा अर्थ समतोल मन. दोन तुकडे, तीन अर्थ. तुकड्यांवरून यातला कोणता अर्थ काढणार? जुन्या व्याकरणकारांनीही सांगून ठेवलंय, की उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडे ओढून नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, सगळीकडे ‘हृ’च. धातू माहीत असलेल्याला ‘आहार’ म्हणजे जेवण, हे कुणी सांगितल्याशिवाय कळेल का?

सरांनी हे उदाहरण दोनदा म्हणून पाहिलं. उपेक्षा, सस्पेक्ट. त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याची नाही, नवीन काही सापडल्याची खूण होती.

सर : नाही कळणार. पण सांगितल्यावर विसरेल का, ते सांग.

ताई : …नाही विसरणार.

सर : मग हेच माझं म्हणणं समज. मी आजवर ते चुकीच्या शब्दांत मांडलं असेल.

त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात हे वळण मला सर्वांत मोलाचं वाटतं. मुळं आणि उपसर्ग शिकवणारी पुस्तकं आपल्याला सांगतात, की थोडे तुकडे शिका आणि हजारो शब्दांचे अर्थ ओळखा. मिनेसोटा विद्यापीठातले जेम्स ब्राउन यांनी १९४०च्या दशकात चौदा शब्द निवडले आणि त्यांतल्या तुकड्यांवरून चौदा हजारांहून अधिक शब्दांना वाट मिळते असं मांडलं. नॉर्मन लुईस यांचं १९४९चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आजही स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या टेबलावर असतं. या पुस्तकांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण ओळखणं आणि लक्षात ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुकडे दुसऱ्या कामाला पक्के आहेत, पहिल्या कामाला कच्चे. ज्या मुलाला शब्द अजून भेटलेलाच नाही, त्याच्या हातात मुळांची यादी देणं म्हणजे त्याला चुकीचा आत्मविश्वास देणं. आणि ज्या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापतात, तिथं हा आत्मविश्वास महागात पडतो.

ताईनंही मग आपली बाजू थोडी सैल केली. तिच्या वाचनात १९८९चं एक अमेरिकन संशोधन होतं. शालेय पुस्तकांतल्या उपसर्ग असलेल्या शब्दांपैकी ९७ टक्के शब्द वीसच उपसर्गांत बसतात, आणि ‘अन’, ‘री’, ‘इन’, ‘डिस’ या चौघांतच निम्म्याहून जास्त, ५८ टक्के.

ताई : एवढे चार मी शिकवीन. आनंदानं. पण साठ उपसर्ग आणि दोनशे मुळांचा तक्ता भिंतीवर लावणार नाही. सर, माझी पाचवीची लेकरं ‘ॲग्रॅव्हेट’वर अडत नाहीत हो. ती ‘गेट’वर अडतात. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर. ‘पुट’वर अडतात. पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं. तीन अक्षरांचे शब्द. यांना कुठलं लॅटिन मूळ लावायचं? २०००-०१पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी सातवीतल्या लेकराला गोष्टीचं एक पान सरळ वाचता येत नाही. अडतं ते या छोट्या शब्दांपायी. ते शंभर वेळा वाचूनच येतात.

सर : आणि अकरावीत विज्ञान घेतलं की?

ताई : तेव्हा तुमचं राज्य.

सर : हेपॅटायटिस. ‘हेपार’ म्हणजे यकृत, आणि ‘यकृत’ व ‘हेपार’ हेही एकाच मुळाचे. ‘आयटिस’ म्हणजे दाह.

ताई : मान्य. तिथं तुकडे फसवत नाहीत, कारण ते शब्द शास्त्रज्ञांनी ठरवून जोडलेत. बाजारात, घरात घडलेले शब्द असे वागत नाहीत.

ही तिची फोड मला फार उपयोगी वाटली. वैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन इथले शब्द जाणूनबुजून बांधलेले असतात, म्हणून ते सुटे होतात आणि प्रत्येक तुकडा बहुधा तोच अर्थ देतो. ‘सस्पेक्ट’, ‘ऑफर’, ‘इंटरफेअर’ हे शब्द दोन हजार वर्षं माणसांच्या तोंडून फिरून आलेत. त्यांना जगताना पाहिल्याशिवाय त्यांचा स्वभाव कळत नाही. एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात सारखे येणारे ५७० शब्दगट काढले. त्यांतले बहुतेक लॅटिन-ग्रीक मुळाचे. म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलांना सरांची गरज लागणारच आहे, फक्त ताईच्या नंतर.

आणि एका गोष्टीत मी पूर्णपणे सरांचा आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शिकवताना मराठी बाजूला ठेवायची, हा आज घरोघर रुजलेला समज मुलाचं नुकसान करतो. ज्यानं ‘अपेक्षा’ नीट समजून घेतली, त्याच्याजवळ ‘एक्स्पेक्ट’ ठेवायला जागा तयार असते. ज्याच्याकडून आपण ‘अपेक्षा’ही काढून घेतली, त्याला ‘एक्स्पेक्ट’ कुठंच अडकवता येत नाही. तो फक्त पाठ करतो. ताईच्या वर्गातल्या तांड्यावरच्या मुलालाही हे लागू आहे. त्याच्या गोरमाटीतल्या, म्हणजे बंजारा बोलीतल्या, शब्दांपासून सुरुवात कुठं करायची, हे शोधणं आपलं काम आहे, त्याचं नाही.

उठण्याआधी दोघांनी एक व्यवहार ठरवला. आठवी-नववीच्या मुलांनी आठवड्याभरात पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात वाचलेले पाच इंग्रजी शब्द, वाक्यासकट, ताई सरांकडे पाठवील. सर फक्त तेच पाच फोडतील. एखादा शब्द फुटत नसेल, तर तो फुटत नाही असं मुलांना सांगतील, आणि का नाही तेही. सरांनी एकच अट घातली : प्रत्येक शब्दाशेजारी मुलानं आपल्या घरातला एक शब्द लिहायचा, कुठल्याही भाषेतला, ज्याची जोडणी त्याला तशीच वाटते. जुळला नाही तरी चालेल.

ताई म्हणाली, न जुळणारेच जास्त येतील.

सर म्हणाले, येऊ दे, मला तेच बघायचेत.